अथेन्सचे सेनापती आणि मिरजेचा हसन

सांगलीची पोस्टिंग मी मागून घेतली होती. पलटणीतले लोक हसले. एकाहत्तरची लढाई पाहिलेला हवालदार कॉलेजच्या कॅडेट पोरांना कवायत शिकवायला जातो, हे त्यांना पटेना. मी सांगितलं, गाव जवळ पडतं. ते खरं नव्हतं. माझं गाव खंडाळा तालुक्यात, सांगलीपासून चांगलं लांब. पण गावाला जाता-येता सातारा लागतो, आणि साताऱ्यात मेजर साहेब राहत होते. लढाईत ते आमचे कंपनी कमांडर. नंतर रिटायर होऊन त्यांनी तिथं बंगला बांधला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना वाचवण्यासाठी नाही. हसनच्या नावाशेजारी ते नाव बसू नये म्हणून.

हसन मिरजेचा. घरचा धंदा तानपुरे करायचा. वडील उस्मानचाचा म्हणायचे, पोराचा कान सोन्याचा, पण हात लाकडाचे. म्हणून तो फौजेत आला आणि वायरलेस ऑपरेटर झाला. सेटवर कितीही खरखर असली तरी पलीकडचा काय बोलतो ते त्याला बरोबर कळायचं. आमची पलटण मिश्र होती. मराठी बोलणारे थोडे. त्यामुळं आमची दोघांची जोडी जमली. मी मॉर्टर प्लाटूनमध्ये होतो. मॉर्टरच्या तोफा मागं असतात, त्यांना दुश्मन दिसत नाही. पुढं बसलेला माणूस गोळा कुठं पडला ते बघतो आणि सेटवर सांगतो, पुढं घ्या, मागं घ्या. त्याला करेक्शन म्हणतात. पुढं हसन आणि मागं मी, असं आमचं वर्षभर चाललं. प्रॅक्टिस संपली की सेट बंद करायच्या आधी तो हळूच मराठीत म्हणायचा, "धायगुडे, गड्या, जेवलास का?" ते नियमात बसत नव्हतं. त्याबद्दल त्याला एकदा पाठीवर पॅक बांधून मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षाही झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं.

डिसेंबरात आमची कंपनी पंजाबात सरहद्दीजवळ होती. कालव्यापलीकडं एक रिकामं गाव होतं, ते आम्ही धरून बसलो होतो. दुपारी जेवणानंतर दुश्मनाचे टँक दिसले. आमच्याकडं टँक नव्हते. कालव्याच्या अलीकडं येण्याची ऑर्डर मिळाली. कालव्यावर पूल एकच, तोही अरुंद. कंपनी पुलावरून येईपर्यंत दुश्मनाला मॉर्टरनं रोखायचं होतं. त्यासाठी पुढं गावाच्या टोकाला दोघांनी थांबायचं ठरलं. नाईक करतारसिंग आणि हसन.

माझ्या तोफा कालव्याच्या बांधामागं होत्या. सेट माझ्याजवळ. मेजर साहेब पुलावरून येऊन माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले.

पहिली करेक्शन करतारसिंगनं दिली. पुढची हसननं दिली. मी विचारलं, "करतार कुठाय?"

"करतार गेला," हसन म्हणाला. "ड्रॉप फिफ्टी. फायर."

आम्ही फायर करत राहिलो. तो एकटा करेक्शन देत राहिला. आमची माणसं पुलावरून येत होती. मग तो म्हणाला, "मला लागलंय. मांडीला. पट्ट्यानं बांधलंय, पर चालता येत न्हाई. स्ट्रेचर पाठवा."

मी मेजर साहेबांना म्हणालो, "साहेब, चार माणसं द्या. मी जातो."

"नाही."

"साहेब, नाल्यानं गेलो तर दिसणार न्हाई."

"नाही म्हटलं ना."

ऑर्डर होती. मी गप्प बसलो. सेटवर पुन्हा आवाज आला. "धायगुडे, स्ट्रेचर कवा येतंय?"

मेजर साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला. मराठीत म्हणाले, "हसन, स्ट्रेचर निघालंय. तू करेक्शन देत रहा."

"ठीक हाय साहेब," हसन म्हणाला. आणि तो देत राहिला. स्ट्रेचर निघालं नव्हतं. निघणार नव्हतं. ते मला माहीत होतं, मेजर साहेबांना माहीत होतं. हसनला माहीत नव्हतं.

शेवटची प्लाटून अलीकडं आली तसा पूल उडवला. त्याचा आवाज हसनला ऐकू गेला असणार. त्याचा कान तसाच होता. मेजर साहेब हँडसेट टाकून प्लाटूनकडं गेले होते. मी तो उचलला. थोडा वेळ खरखर. मग हसन शांतपणे म्हणाला, "पूल उडाला व्हय रं? बरं. मिरजेला जाऊन अब्बाला सांग मी कुठं हाय ते. न्हाईतर ते वाट बघत बसतील." त्यानंतर सेट गप्प झाला.

युद्धबंदी झाली तेव्हा ते गाव पलीकडंच राहिलं. नंतर पांढरं निशाण लावून दोन्हीकडचे अधिकारी भेटले, मृतदेहांची देवाणघेवाण झाली. करतारसिंग आला. हसन आला नाही. चौकशी बसली तेव्हा मेजर साहेबांनी सांगितलं, कंपनी निघायच्या आधीच सेट बंद पडला, त्यानंतर हसनचं काय झालं ते कळलं नाही. मी सांगितलं, सेट शेवटपर्यंत चालू होता. मेजरच्या शब्दापुढं हवालदाराचा शब्द किती टिकणार? हसनच्या नावापुढं ‘बेपत्ता’ असं लागलं. पद्धतशीर माघार घेऊन कंपनी वाचवली म्हणून मेजर साहेबांना पदक मिळालं.

मी सुट्टीवर आलो तो आधी मिरजेला गेलो. उस्मानचाचांना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. बाकीच्यांनी ठेवला नाही. ते म्हणाले, हा त्याचा दोस्त, दोस्ताची बाजू घेणारच. बेपत्ता म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवलं. कुणीतरी बाजारात म्हणालं, मुसलमान गडी, सरहद्दीपाशी गायब झाला, म्हणजे पलीकडं जाऊन बसला असेल. ते वाक्य सगळ्या गावात फिरलं. हसनच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. दुकानापुढून जाताना माणसं आवाज खाली करायची. आणि घरात मेलेल्यासाठीची फातिहासुद्धा पढली गेली नाही, कारण हसनची आई म्हणायची, बेपत्ता म्हणजे मेला थोडाच? ती दार उघडं ठेवून बसायची.

मी दोनदा साताऱ्याला मेजर साहेबांच्या फाटकावर गेलो. दोन्ही वेळा आतून निरोप आला, साहेब घरी नाहीत. दुसऱ्या वेळी ते मला खिडकीत दिसले.

सांगलीत आमचं ऑफिस विश्रामबागला होतं. पहाटे परेड, मग रायफलींची साफसफाई, दुपारी पोरांना नकाशा वाचन. कॅडेटांवरचे अधिकारी म्हणून कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक होते, मगदूम सर. माणूस किडकिडीत, युनिफॉर्म अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. पण शिकवायचे असे की मीही दारात उभा राहून ऐकायचो. त्यांचा विषय प्राचीन ग्रीस. ग्रीस तेव्हा एक देश नव्हता, एकेक शहर म्हणजे एकेक राज्य, आणि शेतकरी-कुंभार-लोहार हेच ढाल-भाला घेऊन लढायला उभे राहायचे, हे मला त्यांच्याकडून कळलं. ढाल डाव्या हातात असायची. ती अर्धी स्वतःला झाकायची आणि अर्धी शेजारच्याला. म्हणून ढाल टाकून पळणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा. मला ते चटकन समजलं. फौजेत कुणालाही समजेल.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात खंडाळ्याकडं डोंगराच्या पायथ्याशी कॅम्प लागला. कार्यक्रम वाचून दाखवला तेव्हा प्रमुख पाहुण्यांचं नाव ऐकलं. मेजर साहेब. दुपारी मगदूम सरांच्या व्याख्यानाला अध्यक्ष, दुसऱ्या दिवशी सकाळी फायरिंग रेंजवर पहिली गोळी त्यांच्या हस्ते.

रेंज माझ्या ताब्यात होती. अम्युनिशन माझ्या ताब्यात होतं. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी रायफली तपासताना माझ्या मनात काय आलं ते मी लपवत नाही. रेंजवर पाहुण्याच्या मागं एका हातावर हवालदार उभा असतो. अपघात होतात. चौकशीत माणूस सांगतो की रायफल बिघडलेली होती. मेजर साहेबांनी चौकशीत असंच काहीतरी सांगितलं होतं. ते चालून गेलं. माझंही चालून जाईल.

तीन वाजता मांडवात सगळे कॅडेट जमले. मेजर साहेब खुर्चीवर. कोटावर पदक. मी मागं खांबापाशी उभा. त्यांनी मला ओळखलं नाही.

मगदूम सर उठले. त्यांना हसनबद्दल काही माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी अथेन्सच्या एका आरमारी लढाईची हकिगत निवडली होती. ती झाली त्या बेटांचं नाव आर्गिनुसाई. अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध कित्येक वर्षं चाललेलं. अथेन्सकडं माणसं उरली नव्हती. जो गुलाम वल्हं मारेल तो मोकळा, असं सांगून त्यांनी जहाजं भरली. आणि ते जिंकले. पण त्यांची काही जहाजं फुटली, माणसं लाकडांना धरून समुद्रात तरंगत राहिली. तेवढ्यात वादळ आलं. सेनापतींनी त्यांना उचललं नाही.

"मेलेल्याला माती मिळाली नाही तर त्याला पलीकडं जागा नाही, असं ग्रीक माणूस मानायचा," सर म्हणाले. "युद्धात हरलेली बाजूही आपली प्रेतं मागायला दूत पाठवायची, आणि जिंकलेली बाजू ती द्यायची. न देणं म्हणजे देवाचा अपराध. आणि इथं जिंकलेल्यांनी स्वतःचीच माणसं सोडली होती."

सेनापती परत आले तेव्हा अथेन्सच्या नागरिकांच्या सभेत त्यांच्यावर खटला चालला. ते म्हणाले, वादळ होतं. मग सभेत एक माणूस उभा राहिला. तो पिठाच्या पिपाला धरून किनाऱ्याला लागला होता. तो म्हणाला, माझ्याभोवती जे बुडत होते त्यांनी मला सांगितलं, तू वाचलास तर लोकांना जाऊन सांग, की ज्यांनी देशासाठी सगळ्यांत जास्त केलं त्यांना सेनापतींनी उचललं नाही.

मी खांबाला हात लावला.

सर पुढं सांगत होते. सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. खटला कायद्याला धरून नव्हता, प्रत्येकाचा वेगळा न्याय झाला नाही, नंतर अथेन्सला पश्चात्ताप झाला. चांगले सेनापती गेले, आणि पुढं ते युद्धही हरले.

मग मेजर साहेब बोलायला उठले. आवाज खणखणीत होता. म्हणाले, "पोरांनो, यातून एकच शिका. रणांगणावर कमांडर काय निर्णय घेतो, ते घरी बसलेल्या गर्दीला कळत नाही. वादळ म्हणजे वादळ. मीही असे निर्णय घेतले आहेत. त्यांचा जाब मी कुणाला दिलेला नाही, आणि देणार नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी सावधान झालो. तीन पावलं पुढं आलो. "साहेब, बोलायची परवानगी."

आमचे कमांडिंग ऑफिसर पहिल्या रांगेत होते, ते वळून बघायला लागले. मेजर साहेब हसून म्हणाले, "बोला हवालदार."

"हवालदार धायगुडे, मॉर्टर प्लाटून, साहेब."

त्यांचं हसणं गेलं.

मी मांडवाकडं तोंड केलं. "मिरजेचा हसन कालव्यापलीकडं जखमी पडला होता. त्यानं स्ट्रेचर मागितलं. मेजर साहेबांनी त्याला सांगितलं, स्ट्रेचर निघालंय. निघालं नव्हतं. तो करेक्शन देत राहिला म्हणून कंपनी पुलावरून आली. ती करेक्शन मीच घेत होतो. तो पळाला न्हाई. पलीकडं गेला न्हाई. तो वाट बघत होता."

"सेट बंद पडला होता," मेजर साहेब म्हणाले.

"सेट चालू होता साहेब. तुमच्याच हातात होता."

कमांडिंग ऑफिसर ओरडले, "हवालदार, बाहेर!" मी सॅल्यूट ठोकला, मागं वळलो, बाहेर आलो. बाहेर दोघं जवान माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. मला अटक झाली होती. रेंजचा ताबा माझ्याकडून काढून घेतला. मेजर साहेब संध्याकाळच्या चहालाही न थांबता साताऱ्याला निघून गेले. जीपमध्ये बसताना त्यांची मान खाली होती. ते मी तंबूच्या फटीतून पाहिलं. वाईट वाटलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली.

मगदूम सर तंबूत आले. म्हणाले, "धायगुडे, मला माहीत असतं तर हा विषय घेतला नसता."

"बरं झालं माहीत नव्हतं, सर."

"पण शेवट लक्षात ठेवा. अथेन्सला पश्चात्ताप झाला."

"अथेन्सला झाला असंल," मी म्हणालो. "ज्यांची पोरं समुद्रात राहिली त्या आयांना झाला का?"

सरांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

भर सभेत बेशिस्त वर्तन केलं म्हणून मला शिक्षा झाली, आणि पलटणीत परत पाठवायची ऑर्डर निघाली. मी ती मान्य केली. निघायच्या आधी मी विश्रामबागला खोलीत सामान बांधत होतो. दारात मेजर साहेब उभे. अंगात साधा सदरा. कोट नव्हता, पदक नव्हतं.

"माझा मुलगा त्या मांडवात होता," ते म्हणाले. "सांगलीला शिकतो. घरी आला आणि त्यानं एकच विचारलं, सेट चालू होता का? मी नाही म्हणालो. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही."

मी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"धायगुडे, चार माणसं पाठवली असती तर पाच गेली असती. तूही गेला असतास. तो बोलत राहिला नसता तर पुलावर कंपनी कापली गेली असती. तू माझ्या जागी काय केलं असतंस?"

"स्ट्रेचर न पाठवणं मी समजू शकतो साहेब," मी म्हणालो. "लढाई होती. पर कंपनी त्यानं वाचवली हे तुमी का न्हाई सांगितलं? पदक तुमी घेतलं. त्याला बेपत्ता केलं. तीन वर्षं त्याच्या बापानं मान खाली घालून दुकान उघडलं."

त्यांनी उंबऱ्यावरून एक पाऊल आत टाकलं. मग म्हणाले, "तुला काय पाहिजे?"

"मिरजेला चला. जे मांडवात मी बोललो ते तिथं तुमी बोला. मोठ्यानं."

आम्ही बसनं मिरजेला गेलो. मगदूम सरही आले, मी त्यांना निरोप पाठवला होता. उस्मानचाचांचं दुकान रस्त्यावरच. आढ्याला मोठमोठे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. चाचा एका तानपुऱ्याची पट्टी घासत होते. मी म्हणालो, "चाचा, हे मेजर साहेब." त्यांनी हात थांबवला. आजूबाजूचे दुकानदार, रस्त्यानं जाणारे, सगळे गोळा झाले. हसनची आई आतल्या दाराच्या पडद्याआड येऊन उभी राहिली.

मेजर साहेब उभ्यानंच बोलले. सुरुवातीला आवाज अगदी बारीक. कुणीतरी मागून म्हणालं, "ऐकू येत न्हाई." मग ते मोठ्यानं बोलले. काही वगळलं नाही. सेट चालू होता. मी खोटं सांगितलं. तुमचा मुलगा शेवटपर्यंत जागेवर होता.

चाचांनी विचारलं, "स्ट्रेचर येतंय म्हनलात तवा तो काय बोलला?"

"ठीक हाय साहेब, म्हणाला."

"म्हंजे त्यानं तुमच्यावर भरवसा ठेवला."

"हो."

पडद्याआडून रडण्याचा आवाज आला. तीन वर्षांत ती बाई पहिल्यांदा रडली, असं मला नंतर हसनच्या बहिणीनं सांगितलं. मेजर साहेबांनी हात जोडले. "मला माफ करा."

"माफी द्यायला मी कोन?" चाचा म्हणाले. "शब्द त्याला दिला होता. माफी त्याच्याकडं मागा. जमतंय का बघा." आणि ते पुन्हा पट्टी घासायला लागले. मिरजेत गिऱ्हाईक नुसता भाव विचारायला आला तरी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या येतो. मेजर साहेबांना कुणी पाणी विचारलं नाही. गर्दीनं बाजूला होऊन वाट दिली, आणि ते एकटे स्टेशनकडं चालत गेले. मी त्यांना पोचवायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी घरात फातिहा झाली. बाजारात ज्यांनी ते वाक्य फिरवलं होतं तेही आले, मान खाली घालून मागं बसले. चाचांनी त्यांना बसू दिलं. मी दिलं नसतं. मगदूम सर माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. हळूच म्हणाले, "अथेन्समध्ये लढाईत पडलेल्यांची अंत्ययात्रा निघायची, तेव्हा एक तिरडी रिकामी असायची. झाकलेली. ज्यांची प्रेतं सापडली नाहीत त्यांची. तीही खांद्यावरून न्यायचे."

पुढं मेजर साहेबांनी लेखी जबानी दिली. हसनच्या नावापुढचा शब्द बदलला. आता तिथं ‘युद्धात वीरगती’ असं आहे. बहिणीचं लग्न झालं, दुसऱ्या घरी, चांगल्या माणसाशी. लोक मला विचारतात, सूड पुरा झाला का? न्हाई झाला. ज्या माणसानं स्ट्रेचरची वाट बघितली, त्याची वाट मला कुठं संपवता आली?

काही वर्षांनी मेजर साहेब वारले. त्यांच्या मुलानं मला निरोप पाठवला होता. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मी साताऱ्याला गेलो नाही.

नाईक करतारसिंग, गुरदासपूरचा, हसायला लागला की थांबायचा नाही. लान्स नाईक हसन, मिरजेचा, जेवलास का म्हणून विचारायचा. डिसेंबरातल्या त्या दुपारी दोघं गावाच्या टोकाला थांबले आणि बाकीची कंपनी पुलावरून घरी आली. करतारला अग्नी मिळाला. हसन अजून पलीकडंच आहे, कुठल्या शेतात ते कुणाला माहीत नाही.